बोपा टेगवेनची काळी दोन

बोपा टेगवेनला काळीज-आतड्यांची कधी किळस आली नाही. दर शुक्रवारी ती डुकराचं काळीज, कांदा आणि शिळा पाव एकत्र वाटायची, त्याचे मुठीएवढे गोळे करायची, पोटातल्या चरबीची जाळी त्यांना गुंडाळायची आणि भट्टीत भाजून संध्याकाळी पुढच्या खिडकीतून विकायची. अख्खी गल्ली वाडगी घेऊन खिडकीशी उभी. रक्तानं माखलेल्या हातांनीच ती माझ्याशी गप्पा मारायची आणि मध्येच हाताच्या पाठीनं कपाळावरचे केस मागे सारायची. मला मळमळायचं. तिला काही नाही.

पण चॅपलमध्ये एखादा सूर आंबट लागला की तिच्या पोटात ढवळायचं. हे मी बोलायच्या पद्धतीनं सांगत नाही. खरोखर ढवळायचं. मानेवर घाम यायचा, रुमाल तोंडाशी जायचा, आणि प्रार्थना संपायच्या आत ती मागच्या दारानं बाहेर पडून भिंतीला धरून उभी राहायची. लोक म्हणायचे, नाटकं करते. म्हणणाऱ्यांच्या कानात बोळे होते, दुसरं काय.

बोपा म्हणजे मावशी. रक्ताच्या नसलेल्या पण जीव लावणाऱ्या शेजारणीला आमच्या खोऱ्यात असंच म्हणतात. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती. मी सहकारी दुकानात लोण्याच्या टेबलाशी काम करायची आणि चॅपलच्या गाण्यात अल्टोंच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांच्या, ओळीत उभी राहायची. बोपा तिथं पियानो वाजवायची, माझ्या जन्माआधीपासून. लग्न केलं नाही. भाऊ इल्टिड कोळशाच्या खाणीत होता, तो तिच्याच घरी राहायचा. तिच्या आयुष्यात इतकंच होतं: काळीज, भाऊ आणि चॅपलमागच्या खोलीतला तो उंच, काळा, जुना पियानो.

त्या पियानोचं वाटोळं केलं बोवेननं.

गावात बोवेन चार होते, म्हणून ह्याला बोवेन खिळे म्हणायचे. लोखंडी सामानाचं दुकान, चॅपलचा कारभार बघणाऱ्या डीकनांतला मुख्य, स्तोत्र उठवण्याचा मान त्याचा आणि टेनरांत, म्हणजे वरच्या आवाजाच्या पुरुषांत, पहिली जागाही त्याचीच. कवळीचा वास दडवायला तो सतत पेपरमिंट चघळायचा, त्यामुळे त्याच्या शेजारी उभं राहिलं की दोन्ही वास एकदम यायचे. दुकानात खिळ्यांच्या खणांवर त्यानं आपलं सोल-फाचं, म्हणजे डो-रे-मी वाचून गाण्याचं, सर्टिफिकेट काचेत लावून ठेवलं होतं. गिऱ्हाईक कडी-कोयंडा मागायला आलं तरी त्याला आधी ते वाचावं लागे.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. बोवेनच्या बायकोला वाटलं की जुना पियानो फार उंच आहे, त्याच्यामागे खिडकी झाकली जाते आणि तिची नवी टोपीही कुणाला दिसत नाही. टोपीचं ती बोलली नाही, खिडकीचंच बोलली. कार्डिफमध्ये म्हणे आता सगळे छोटे पियानो घेतात. झालं! बोवेननं डीकनांच्या माना हलवून घेतल्या आणि एका शनिवारी गाडीवरून ते ध्यान आलं. जेवणाच्या खोलीतल्या कपाटाएवढं, तसंच गुळगुळीत, तसंच मूर्ख. बाईसाहेबांनी त्यावर विणलेला रुमाल घातला आणि फुलदाणी ठेवली. जुना पियानो मागच्या अंगणात नेऊन टाकला. पावसानं त्याची लाकडं सुटली. मेणबत्त्या धरायचे त्याचे पितळी हात मात्र बोवेनच्या बायकोनं आधीच काढून घरी नेले होते. चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसणारी ही बाई!

बोपानं नव्या पियानोवर पहिला स्वरमेळ धरला, तीन-चार सूर एकदम, आणि हात असे उचलले जणू खाली गोगलगाय होती. रुमालानं एकेक बोट पुसलं.

"नेस्टा," ती मला म्हणाली, "ह्याच्या तोंडाला वास येतो गं."

सूर जुळवणारा विंडम खालच्या गावातून बसनं यायचा. त्याच्या स्वतःच्या तोंडालाही वास यायचा, बिअरचा, पण तो निदान खरं बोलायचा. त्यानं पियानोची पुढची फळी काढली, आत पाहिलं आणि जीभ चुकचुकली.

"बोपा, त्याला काय बोल लावता? खोकं केवढं, तारा केवढ्या. खालच्या तारा आखूड, म्हणून जाड्या करून ठेवल्यात. आखूड, जाडी तार स्वतःशीसुद्धा सुरात बोलत नाही, दुसरीशी काय बोलणार?"

"मग तू नीट कर."

"कितीही नीट केलं तरी कचरा उरतोच. एकेक सूर दुसऱ्याशी शुद्ध जुळवत बाराही पुरे करा, शेवटचा पहिल्याला येऊन भेटत नाही. जरासं उरतं. ते देवानं उरवलंय, मी नाही. आता ते टाकायचं कुठं? आजकाल सांगतात, एकेक पट्टी म्हणजे एकेक खोली समजा आणि सगळ्या खोल्यांत सारखं पातळ पसरा. मोठ्या पियानोत खपून जातं ते. ह्या डबड्यात घाण येते."

"आणि नाही पसरलं तर?"

"तर राहत्या खोल्या झाडून लख्ख करायच्या आणि सगळा कचरा कोळशाच्या खोलीत ढकलायचा. माझा बाप असंच करायचा. तुम्ही स्तोत्रं कुठल्या पट्ट्यांत गाता?"

"काळी दोन, काळी चार, काळी पाच. कधी पांढरी चार."

"आणि पांढरी तीन?"

"कध्धी नाही."

"मग ती तुमची कोळशाची खोली. पण तिचं दार उघडलंत तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही, सांगून ठेवतो."

दुपारभर दोघं तिथं होती. मी दुकानातून परतताना डोकावले तर बोपा डोळे मिटून बसलेली, आणि तो एक खुंटी केसभर फिरवायचा, थांबायचा, ती मान हलवायची, मग तो पुढची घ्यायचा. त्या आठवड्याच्या तालमीत बोपानं काळी दोनचा स्वरमेळ धरला आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. त्या कपाटातून इतकं गोड काही निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आपला आवाज त्यावर ठेवला की तो आपोआप बसायचा, जागा शोधावी लागायची नाही. बोवेननं पियानोच्या पाठीवर थाप मारली. "बघितलं? निवड कुणाची?"

बोपानं तेव्हाच, सगळ्या बेसवाल्यांच्या, खालच्या आवाजाच्या पुरुषांच्या, देखत, त्याला बजावलं. "मिस्टर बोवेन, ह्याच्यावर पांढरी तीन कधी धरायची नाही. सगळी खोट विंडमनं तिकडे सारलीय."

बोवेन हसला. कवळी हलेपर्यंत हसला. "अहो मिस प्रोबर्ट, डो म्हणजे डो! इथं ठेवा नाहीतर तिथं. सर्टिफिकेट कसलं आहे माझ्याकडं?"

बाकीचेही हसले. कारण आमच्याकडे रेघांवरचे सूर कुणीच वाचत नाही. आम्ही सगळे डो-रे-मी वाचतो. डो म्हणजे मूळ सूर. तो पियानोनं वाटेल त्या उंचीवर द्यावा, मागचे सगळे रांगेत येतात. खाणीत खाली जाताना, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना, कुठंही कुणीही डो धरावा आणि चौघांनी चार आवाजांत गावं. गळ्यानं गाताना ते खरंही आहे. गळा दर वेळी सूर नव्यानं जुळवून घेतो. पण पियानोला गळा नसतो, एवढं कळायला सर्टिफिकेट लागत नाही. पियानोशिवाय गाताना बोवेनची तर खोडच होती, आपला वरचा सूर खणखणीत लागेलसं वाटलं की एक बोट वर करायचं. म्हणजे सगळ्यांनी अर्धा सूर वर चढायचं.

आता इल्टिडचं सांगते.

इल्टिडच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती. शेवटी शेवटी जिना चढवेना, म्हणून त्याची खाट खालच्या खोलीत आणली होती. बेसमध्ये गाणारा माणूस, आता एक ओळ पुरी करायला त्याला श्वास पुरत नव्हता. त्या पडून राहण्यात त्यानं एका स्तोत्राला नवी चाल लावली. दोन सूर गुणगुणायचा, खोकायचा, थुंकायचा, आणखी दोन. बोपा काळीज माखलेल्या हातांनी दाराशी येऊन ऐकायची आणि पाठ करायची. लोक आपल्या चालींना पवित्र डोंगरांची नावं देतात. ह्यानं नाव दिलं 'मागची गल्ली'.

"टेग, काळी दोनमध्ये ठेव," तो म्हणाला होता. "तिथं बेसवाल्यांना बसायला खुर्ची मिळते."

तो गेला. बोपानं त्यानंतर एकच गोष्ट मागितली: ती चाल गमान्वात गायली जावी. गमान्वा म्हणजे वर्षातून एकदा खोऱ्यातली सगळी चॅपलं एकत्र जमून दिवसभर स्तोत्रं गातात तो दिवस. तिथं एकदा गायली की चाल खोऱ्याची होते. नाही तर ती एका म्हातारीच्या डोक्यात राहणार आणि तिच्याबरोबर जाणार. आमच्या लोकांना चाल मरणं म्हणजे काय ते कळतं. निदान कळायला हवं.

गमान्वात गाण्याचं संचालन करणारे पाहुणे त्या वर्षी प्राध्यापक मॅडॉक होते. ईस्टरनंतरच्या एका संध्याकाळी ते आमच्या तालमीला आले. त्यांनी ऐकायचं, आवडली तर चाल कार्यक्रमात घ्यायची, असं ठरलं होतं. बोपानं काळा झगा घातला होता. तिच्या हातांना कांद्याचा वास येऊ नये म्हणून मी सकाळी लिंबू नेऊन दिलं होतं.

आधी नेहमीची तीन स्तोत्रं झाली. पियानो मधासारखा लागला. प्राध्यापक खूश, बोवेन त्याहून खूश. मग बोपानं 'मागची गल्ली'ची काळी दोन धरली, आणि बोवेनचं बोट वर गेलं.

"अर्धा वर!"

बोपानं हात मांडीवर घेतले. "ही काळी दोनमधली चाल आहे."

"आहे ना. आज पांढरी तीनमध्ये करू. टेनर खुलतील."

"तुम्हांला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

आणि तो खरंच विसरला होता. त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं. खोटं बोलला असता तर मला इतकी शिसारी आली नसती.

"त्या पट्टीत मी हे वाजवणार नाही," बोपा म्हणाली. "प्राध्यापकसाहेब, काळी दोनमध्ये ऐका. इल्टिडनं तिथंच केलीय."

बोवेन प्राध्यापकांच्या कानाशी वाकला, पण आवाज खोलीभर ऐकू जाईल इतका ठेवला. "वय झालंय हो बिचारीचं. भावाची चाल ना, हळवी होते." मग भाचीकडे वळला. "मॉर्विद, ये गं. वाजव तू."

मॉर्विदला काय! ती कपाळावरचे कुरळे केस सावरत आली आणि वाजवायला लागली. काय सांगू? कोळशाच्या खोलीचं दार उघडलं. पहिलाच स्वरमेळ नासलेल्या दुधासारखा फुटला. खालचे सूर गुरगुरत होते, वरचे कापत होते, आणि आमचे आवाज पियानोकडे जावं की एकमेकांना धरावं ह्या गोंधळात मध्येच लोंबकळत राहिले. इल्टिडबरोबर खाणीत काम केलेला गेथिन, आमच्या बेसांतला सगळ्यांत मोठा आवाज, दुसऱ्या ओळीला गायचा थांबला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. बोवेन मात्र वरच्या सुरावर डोळे मिटून चढला. बोपा रुमाल तोंडाशी धरून भिंतीला टेकली होती. ती बाहेर गेली नाही. शेवटपर्यंत ऐकलंन.

प्राध्यापकांनी दात दुखल्यासारखं तोंड केलं. "मेळ फार खडबडीत आहेत. शिकलेला नव्हता का हा?"

"खाणीत होता," बोवेन म्हणाला.

"हं. वाटलंच."

"एकदा काळी दोनमध्ये," बोपा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एक कडवं."

"बाई, मघाची तीन स्तोत्रं ह्याच पियानोवर किती सुंदर झाली. दोष चालीत आहे, वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी घड्याळ पाहिलं. बस होती त्यांची.

मी ओळीतून पुढे आले. ओरडलेच. "साहेब, एकच कडवं! वाटेल तर मी पळत जाऊन बस थांबवते!"

"अल्टोंनी आपल्या जागी बसून घ्यावं," बोवेनची बायको म्हणाली.

प्राध्यापकांनी टोपी घातली. चहा झाला, तव्यावरचे केक झाले, लोणी बोटांना लागलं ते सगळ्यांनी चाटून पुसून खाल्लं. इल्टिडच्या चालीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. सभ्यपणा म्हणे! पुढच्या आठवड्यात डीकनांची बैठक झाली आणि मॉर्विद कायमची पियानोवर बसली. मग कार्डिफहून एक माणूस आणून पियानो सगळ्या पट्ट्यांत सारखा जुळवून घेतला. आता तो कुठंच फुटत नव्हता आणि कुठंच गोड लागत नव्हता. सगळ्या खोल्यांत सारखी घाण. बोवेन म्हणाला, "आता कसं! कुठंही डो धरा."

बोपा मागच्या बाकावर बसायला लागली, रुमाल हातात धरून.

"सगळीकडे सारखं वाईट केलं ना, नेस्टा," ती मला एकदा घरी येताना म्हणाली, "की कुणी तक्रार करत नाही. डीकनांना तेवढंच हवं असतं."

शुक्रवारचे गोळे चालू राहिले. बोवेनला ते फार आवडायचे. तो स्वतः रांगेत यायचा नाही, बायकोला वाडगं देऊन पाठवायचा, आणि ती निर्लज्जपणे यायची. बोपा तिलाही पुरं माप द्यायची, वर रसा. मी असते तर वाडग्यात थुंकले असते.

त्याच रांगेत एका शुक्रवारी गेथिननं वाट बघता बघता 'मागची गल्ली'चा बेस गुणगुणला. आतून, भट्टीशी वाकलेल्या बोपानं वरचा आवाज धरला. पुढच्या शुक्रवारी आणखी दोघं. मग रांगेतले पुरुष वाडगी छातीशी धरून चारही आवाजांत गायला लागले, गोळे भाजून होईपर्यंत. पियानो नाही, बोट वर करणारा कुणी नाही. बोपा खिडकीतून डो द्यायची आणि आत वळायची. तिच्या तोंडावर काय असायचं ते बाहेरून दिसायचं नाही. मला भिंतीपलीकडून फक्त पुढच्या खेपेच्या वाटणाचा दगड थांबलेला ऐकू यायचा.

लढाई संपल्यानंतरच्या एका फेब्रुवारीत बोपा गेली. आमच्याकडे प्रेताबरोबर फक्त पुरुष जातात. बायका पडदे ओढून घरात राहतात, हॅम कापतात, चहाची भांडी मांडतात. उचलण्याआधी पुरुष घरापुढे रस्त्यात उभे राहून एक स्तोत्र गातात. ते उठवायचा मान अर्थात बोवेनचा. त्यानं घसा साफ केला. पण तो तोंड उघडायच्या आत गेथिनचा आवाज आला.

'मागची गल्ली'.

पहिल्या कडव्यात रांगेतले होते तेवढेच. दुसऱ्यात सगळा रस्ता. मी पडद्यामागे सुरी हातात धरून उभी होते. ती काळी दोन होती की पांढरी तीन, मला सांगता येणार नाही. गळ्यांना त्याचं काय! प्रत्येक मेळ स्वच्छ बसत होता, धुतलेल्या काचेसारखा. आणि वर, सगळ्यांच्या वर, बोवेनचा टेनर होता. तोही सुंदर लागला. मेल्याचा गळा चांगलाच होता, तेच तर.

पुरलं आणि पुरुष परत आले. घर ओल्या कोटांच्या वासानं भरलं. बोवेन बोपाच्याच खुर्चीत बसला, हॅम संपवलं आणि रुमालानं डोळे टिपले. खरंच पाणी होतं डोळ्यांत.

"नेस्टा, मघाची ती चाल," तो म्हणाला. "काय गोड गं! कुणाची?"

"इल्टिड प्रोबर्टची."

"आपला इल्टिड? अगं, मग गमान्वात कशी कधी घेतली नाही? कुणाला तरी लाज वाटायला हवी."

मी सगळं सांगितलं. ती संध्याकाळ, प्राध्यापक, वर केलेलं बोट, मांडीवर घेतलेले हात, विंडमनं सारलेली खोट, तिनं आधी दिलेली ताकीद. भर खोलीत, मोठ्यानं. गेथिन दाराशी उभा राहून ऐकत होता. "ती चाल तुम्ही मारलीत," मी म्हणाले, "आणि तिलाही."

बोवेननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो रागावलासुद्धा नाही. कवळी जिभेनं जागच्या जागी बसवली आणि माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं बघितलं.

"छे गं पोरी. डो म्हणजे डो," तो म्हणाला, आणि ताटली पुढे केली. "आणखी एक तुकडा दे. चरबी नसलेला बघ."

मी सुरी खाली ठेवली, मागच्या अंगणात गेले आणि भिंतीला धरून ओकले. हे मी बोलायच्या पद्धतीनं सांगत नाही.